पोळा फुटतो, नाक वाहतं : धुऱ्यावरच्या गवताचा दम्याशी काय संबंध?

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, आमच्या गावात भल्या पहाटे पोट्टे आरोळ्या ठोकत फिरतात : "रोगराई, खासी-खोकला घेऊन जा गे मारबत!" मारबत म्हणजे गावाची इडापीडा सोबत नेणारी बाहुली, तिला मिरवून गावाबाहेर जाळतात. माझी काकू दारात उभी राहून ऐकते आणि हसते. कारण तिचा खोकला नेमका त्याच आठवड्यात घरात पाऊल ठेवतो. सकाळी उठल्याबरोबर लागोपाठ दहा-पंधरा शिंका, नाकातून पाण्यासारखी धार, डोळ्यांना खाज, टाळूला आतून खाज. नवरात्र येईस्तोवर रात्री छातीत शिट्ट्या वाजायला लागतात. "मारबत लोकायचा खोकला नेते अन् माह्या घरी आणून टाकते," असं ती म्हणते. दिवाळी होऊन थंडी पडली की सगळं आपोआप शांत. पुढच्या पोळ्याला परत सुरू.

बारा वर्षांत या त्रासाला अनेक नावं मिळाली. पावसात भिजल्याची सर्दी, दह्याची सर्दी, उन्हाची सर्दी, "अंगात उष्णता आहे". खरं नाव कुणी घेतलं नाही, आणि ते तर आमच्या पांदणीच्या, म्हणजे शेताकडे जाणाऱ्या वाटेच्या, दोन्ही बाजूंना कमरेएवढं वाढलेलं असतं. दरवर्षी १६ ते २२ ऑगस्टला देशभर गाजरगवत जागरूकता सप्ताह असतो. शाळेत विज्ञान शिकवत असल्याने त्या आठवड्यात भाषण माझ्याच वाट्याला येतं. गवत पिकाचं कसं नुकसान करतं हे मी वर्षानुवर्षं सांगत आलो. ते काकूच्या छातीचं काय करतं हे मलाच उशिरा कळलं.

## सर्दी तिथी पाळते तेव्हा

साधी सर्दी विषाणूची. ती आठ-दहा दिवसांत जाते, सोबत अंगदुखी, कणकण आणते, आणि घरात एकाला झाली की दुसऱ्यालाही होते. काकूची सर्दी दोन-अडीच महिने चालते, ताप नाही, घरात दुसऱ्या कुणाला लागत नाही आणि खाज मात्र भरपूर. दरवर्षी ठरल्या वेळी येणारी, खाज घेऊन येणारी, पाण्यासारखी वाहणारी सर्दी ही बहुतेक वेळा ॲलर्जी असते. डॉक्टर तिला ॲलर्जिक ऱ्हायनायटिस म्हणतात. आपण इथे "नाकाची ॲलर्जी" म्हणू.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला, सोबत संध्याकाळचा ताप, वजन घटणं किंवा थुंकीत रक्त असेल, तर गवताला दोष देत बसू नका. सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्या. टीबीची तपासणी आणि औषध तिथे मोफत आहे.

## हवेत नेमकं काय उडतं

प्रत्येक फुलझाडाला बी धरण्यासाठी नराचा पराग मादीपर्यंत पोचवावा लागतो. काही झाडं हे काम माश्या-फुलपाखरांना देतात. त्यांची फुलं रंगीत, मोठी, वासाची; पराग जड आणि चिकट, हवेत फारसा उडत नाही. झेंडू, कपाशी, तूर ही या गटातली. काही झाडं मात्र हे काम वाऱ्यावर सोपवतात. त्यांना सजायची गरज नसते. फुलं बारीक, मळकी, नजरेत न भरणारी. पण वारा कुठे नेईल याचा भरवसा नसल्यामुळे पराग ती बेसुमार तयार करतात. धूळपेरणी करणारा शेतकरी जसं हात सैल सोडून बी टाकतो, तसं.

त्यामुळे आपला संशय नेहमी चुकीच्या फुलावर जातो. अंगणातला झेंडू उपटला जातो आणि गुन्हेगार धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभा असतो. आपल्याकडच्या तणांत या यादीत काटेमाठ आहे, चाकवताच्या जातीची चिल आहे, जनावराच्या शेपटीला काटेरी बोंडं चिकटवणारं गोखरू आहे. धुऱ्यावरचा एरंडही त्यातच येतो. सगळ्यांत पुढे आपलं गाजरगवत, म्हणजेच काँग्रेस गवत. त्याच्याकडे माश्याही फिरकतात आणि पराग वाऱ्यावरही जातो. दोन्हीकडून फायदा घेणारं झाड आहे ते.

हे मूळ अमेरिका खंडातलं. भारतात त्याची ठळक नोंद झाली ती १९५५-५६ च्या सुमारास, पुण्यात. अमेरिकेच्या पीएल ४८० या धान्य-मदत योजनेच्या गव्हातून आलं, असं गावोगावी सांगतात. पण तो करार १९५६ च्या ऑगस्टमधला, त्यामुळे सगळं खापर त्या गव्हावर फोडताना जरा जपून. एक झाड दहा ते पंचवीस हजार बिया टाकतं. मृगाचा पाऊस पडला की उगवतं, महिना-दीड महिन्यात फुलावर येतं. जूनच्या मध्याला उगवलेलं गवत पोळ्याच्या सुमारास पांढरं फुललेलं असतं. मारबतीवरचा काकूचा आरोप इथे सुटतो : तिथी मारबतीची नाही, गवताच्या फुलोऱ्याची आहे.

पावसाचंही यात एक गणित आहे. झड लागली की हवा धुतली जाते आणि पराग खाली बसतो. चार दिवस उघडीप पडली, ऊन तापलं, वारा सुटला की तो परत उडायला लागतो. भादव्याच्या उन्हात त्रास का वाढतो, याचं उत्तर यात आहे.

## जागलीवरचा घाबरट राखणदार

पराग म्हणजे विष नव्हे. बहुतेकांच्या नाकात तो जातो आणि शेंबडासोबत निघून जातो. मग काहींनाच त्रास का?

शेतात जागलीला माणूस ठेवला आहे असं समजा. रानडुक्कर आलं की डबा बडवायचा, फटाका फोडायचा, हे त्याचं काम. एका रात्री शेजाऱ्याची बकरी धुऱ्यावरून गेली आणि त्याने तिलाच डुक्कर समजून घेतलं. त्याने सगळ्या मचाणांवर तिचं वर्णन कळवलं. त्या रात्री काही झालं नाही. पण त्यानंतर बकरी दिसली रे दिसली की सगळ्या मचाणांवरून एकदम फटाके, आणि त्या ठिणग्यांनी आपलंच उभं पीक पेटायचं.

शरीराचे राखणदार नाकाच्या आणि श्वासनळीच्या अस्तरात बसलेले असतात. त्यांनी वाटलेलं वर्णन म्हणजे आयजीई नावाची प्रतिपिंडं. फटाका म्हणजे हिस्टामिन आणि तशी इतर रसायनं. खाज, शिंका, पाणी हे सगळं हिस्टामिनचं काम. पहिल्या भेटीत काही होत नाही, वर्णन वाटण्यातच एक-दोन हंगाम किंवा कित्येक वर्षंही जातात. म्हणून "मी तं लहानपणापासून निंदण करतो, तेव्हा काहून नाही झालं?" या प्रश्नात आश्चर्य काही नाही. ॲलर्जी पस्तिशीतही सुरू होऊ शकते.

यावर एक शहरी आक्षेप येतो : गावाकडे मोकळ्या हवेत, गुराढोरांत वाढणाऱ्यांना ॲलर्जी होत नाही म्हणतात. युरोपात गोठ्याच्या सान्निध्यात वाढलेल्या मुलांमध्ये दमा-ॲलर्जी कमी आढळली, हे खरं आहे. पण त्यावरून काकूला सूट मिळत नाही. ती रोज आठ तास त्या गवतात वाकून काम करते. बंगळुरूच्या अभ्यासकांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तपासणीत नाकाच्या ॲलर्जीच्या रुग्णांपैकी ३४ टक्के आणि दम्याच्या रुग्णांपैकी १२ टक्के लोकांच्या त्वचेची चाचणी गाजरगवताच्या परागाला सकारात्मक आली होती.

## नाकातलं छातीत कसं उतरतं

ज्यांच्याकडे ठिबक आहे त्यांना हे लवकर कळेल. विहिरीचं पाणी आधी फिल्टरमधून जातं, मग नळ्यांत. नाक हा फिल्टर. परागाचा कण केसाच्या जाडीच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याएवढा असतो. त्यातले बरेचसे नाकातच अडकतात. पण फिल्टर चोंदला की आपण तोंडाने श्वास घेतो, म्हणजे गाळणी काढून सरळ नळीत पाणी सोडतो. शिवाय पराग ओलाव्याने फुटला तर त्यातून फार बारीक कण निघतात आणि ते खोल फुप्फुसापर्यंत जातात. ऑस्ट्रेलियात मेलबर्नला २१ नोव्हेंबर २०१६ च्या संध्याकाळी हेच घडलं. तिथलं गवत वेगळं, राय जातीचं. वादळाच्या ओल्या वाऱ्यात परागाचे तुकडे झाले आणि काही तासांत हजारो लोक श्वास लागून दवाखान्यांत पोचले. त्यात दहा जण दगावले. त्रास झालेल्यांत अनेक जण असे होते की ज्यांना आधी फक्त नाकाची ॲलर्जी होती. दमा आहे हे त्यांना माहीतच नव्हतं.

नाक आणि फुप्फुस यांचं अस्तर एकच, सलग. वरच्या टोकाला सूज आली की खालचं टोकही चिडतं. दम्याच्या बहुतेक रुग्णांना नाकाचा त्रास असतो तो यामुळे, आणि नाकाची ॲलर्जी असलेल्यांना पुढे दमा होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. "नाकाचं काय, गळू दे, छातीचं बघा" हे म्हणणं उलटं आहे.

आता नळीकडे या. दम्यात श्वासनळीला तीन गोष्टी होतात. बाहेरून स्नायू आवळतो, जणू ठिबकच्या नळीवर कुणी पाय दिला. आतून भिंत सुजते. आणि क्षार साचावा तसा चिकट बेडका साचतो. पाय देणं मिनिटांत होतं. सूज मात्र तासांनी चढते आणि दिवसेंदिवस राहते. दिवसभर शेतात ठीक असणारा माणूस रात्री अकराला उठून का बसतो, हे त्या उशिरा चढणाऱ्या सुजेमुळे.

हे तीन बिघाड लक्षात ठेवा, औषधाचं सगळं भांडण त्यावरच आहे.

## "पंपाची सवय लागते"

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की त्याची मारबत काढावीशी वाटते.

पंप म्हणजे तोंडाने ओढून घ्यायचा दम्याच्या औषधाचा फवारा, इनहेलर. तो दोन प्रकारचा. एक, बहुधा निळा, साल्ब्युटामॉलचा. तो नळीवरचा पाय उचलतो. पाच-दहा मिनिटांत बरं वाटतं, म्हणून लोक त्यालाच खरं औषध समजतात. पण सुजलेली भिंत त्याने उतरत नाही. ती उतरवतो दुसरा पंप, ज्यात श्वासातून घ्यायचं स्टेरॉइड असतं, उदाहरणार्थ ब्युडेसोनाइड. त्याने लगेच काही जाणवत नाही. परिणाम दिसायला दिवस लागतात. म्हणून तो कोनाड्यात पडून राहतो. दम्याबद्दलच्या जागतिक मार्गदर्शक सूचना २०१९ पासून स्पष्ट सांगतात : मोठ्यांनी आणि मोठ्या मुलांनी फक्त निळ्या पंपावर राहू नये, सोबत सूज उतरवणारं औषध असलंच पाहिजे. जगभरातल्या दम्याच्या रुग्णांपैकी सुमारे १३ टक्के भारतात आहेत, पण दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी ४० टक्क्यांहून अधिक भारतातले आहेत. कोनाड्यात पडलेल्या पंपांचा या आकड्यात मोठा वाटा आहे, असं माझं मत.

"स्टेरॉइड" शब्दाने लोक दचकतात, आणि तेच लोक चौकातल्या दवाखान्यात जाऊन दर पंधरवड्याला एक सुई टोचून घेतात. बरं वाटवणाऱ्या त्या सुईत अनेकदा स्टेरॉइडच असतं, आणि ते सगळ्या अंगात फिरतं : साखर वाढवतं, हाडं ठिसूळ करतं, रक्तदाब चढवतं. पंपातलं औषध जिथे हवं तिथेच पोचतं, म्हणून ते मायक्रोग्रॅममध्ये लागतं. साल्ब्युटामॉलचंच पाहा. गोळी ४ मिलिग्रॅमची येते. पंपाच्या दोन फवाऱ्यांत मिळून २०० मायक्रोग्रॅम, म्हणजे वीसपट कमी. कपाशीच्या एका झाडाला पाणी द्यायला सगळं वावर बुडवायचं का, एवढाच प्रश्न आहे.

फवारा नीट घेता येत नसेल तर मध्ये स्पेसर नावाचं भांडं लावतात. ते घरीही होतं. पाण्याच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीच्या बुडाला पंपाच्या तोंडाएवढं भोक पाडायचं, पंप घट्ट बसवायचा आणि बाटलीच्या तोंडातून श्वास घ्यायचा. दक्षिण आफ्रिकेत मुलांवर केलेल्या चाचणीत हवाबंद बसवलेली अशी बाटली विकतच्या स्पेसरइतकीच उपयोगी ठरली. १९९९ मध्ये तो अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये आला. स्टेरॉइडचा पंप घेतला की चूळ भरून थुंकायची.

नाकासाठीही स्टेरॉइडचा फवारा असतो. मान किंचित खाली, नळी नाकाच्या मधल्या पडद्याकडे न करता बाहेरच्या बाजूला, आणि जोरात ओढायचं नाही. ओढलं तर औषध घशात उतरतं. हंगामाच्या साधारण दोन आठवडे आधी सुरू केला तर जास्त उपयोगी. म्हणजे राखीच्या आसपास, पोळ्याची वाट न पाहता. नाक झटक्यात मोकळं करणारे थेंब मिळतात, ते मात्र चार-पाच दिवसांपलीकडे वापरू नका. पुढे थेंबांमुळेच नाक चोंदतं. सवय लागते ती इथे. आणि ॲलर्जीच्या जुन्या गोळ्यांनी गुंगी येते. थ्रेशरमध्ये सोयाबीन लोटणाऱ्या माणसाला ती परवडत नाही. डॉक्टरांना तसं सांगून गुंगी न आणणारी मागा.

## मासोळी, दही आणि इतर

मृगाला हैदराबादला जाऊन मासोळीतून औषध घेणारे आमच्या गावातही आहेत. ते दमा बरा करतं याचा शास्त्रीय पुरावा नाही. "पण मले गुण आला" याचं काय? त्रास ऋतूचा असेल तर ऋतू सरताना तो सरतोच. त्या वेळी हातात जे असेल त्याला श्रेय मिळतं. कार्तिकात अंगारा लावला तरी काकूला बरं वाटतं.

दही, केळी, ताक सोडल्याने परागाची ॲलर्जी जात नाही. कष्टकऱ्याचं पोषण तेवढं जातं.

## चाचणी करावी का?

त्वचेवर निरनिराळ्या परागांच्या अर्काचे थेंब ठेवून हलकंसं टोचतात. पंधरा-वीस मिनिटांत गांधी उठली तर त्या परागाशी वैर आहे. आधी काही दिवस ॲलर्जीच्या गोळ्या बंद ठेवाव्या लागतात, नाहीतर चाचणी खोटं सांगते. आणि गांधी उठली म्हणजे आजार झाला असंही नाही. लक्षणं त्या हंगामाशी जुळली पाहिजेत. त्रास औषधांनी आवरत असेल तर चाचणीची घाई नको. आवरत नसेल, तर नागपूर किंवा सेवाग्रामसारख्या ठिकाणच्या मोठ्या रुग्णालयात विचारा. ठरावीक परागाच्या वाढत्या मात्रा तीन ते पाच वर्षं देऊन राखणदाराला "ही बकरी आहे, डुक्कर नव्हे" हे शिकवण्याचा उपचारही आहे. पण दमा आटोक्यात नसताना तो देत नाहीत, आणि प्रत्येक इंजेक्शननंतर अर्धा तास तिथेच बसावं लागतं.

गाजरगवताने मानेवर, पापण्यांवर, कोपराच्या वळीत जे खरूज उठल्यासारखं होतं, ते वेगळं प्रकरण आहे. तिथे पार्थेनिन नावाचं गवतातलं रसायन त्वचेला लागतं. एकाच माणसाला दोन्ही होऊ शकतं, पण पंपाने कातडी बरी होत नाही आणि मलमाने छाती.

## "वावरात तं जावंच लागते"

इंग्रजी पुस्तकांत सल्ला असतो : परागाच्या दिवसांत खिडक्या लावून घरात बसा. निंदणाच्या रोजावर घर चालणाऱ्या बाईला हा सल्ला देणाऱ्याने आधी तो रोज द्यावा.

जमण्यासारखं असं : फुललेलं गाजरगवत उपटायचं काम दमा असलेल्याने घेऊ नये, ते दुसऱ्याला द्यावं आणि त्याच्याकडचं दुसरं काम आपण करावं. नाकावरचा दुपट्टा काही प्रमाणात अडवतो. एन-९५ मास्क बराच जास्त. पण दिवसभर पराग झेललेला तोच दुपट्टा रात्री उशाला घेऊन झोपणारी माणसं मी पाहिली आहेत. घरी आल्यावर केसांवरून आंघोळ, कपडे बदलणं, आणि धुतलेले कपडे गवताने वेढलेल्या काटी कुंपणावर वाळत न घालणं, एवढ्याने रात्री बऱ्या जातात. दसऱ्याच्या सुमारास सोयाबीनची मळणी असते. ओल्या कुटारातली बुरशी आणि धूळही तोच त्रास देते, तेव्हा सगळा आळ गवतावर घेऊ नका. चुलीचा धूर आहेच.

फवारणीनंतर श्वास लागला, तोंडाला लाळ सुटली, उलट्या झाल्या, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक झाल्या, तर तो दमा समजू नका. ती विषबाधा असू शकते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेतकरी-मजूर दगावले होते. आणि दम्यातही एक वाक्य एका दमात बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, निळ्या पंपाने उतार पडत नसेल, तर सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन करा.

## गवताचं करायचं काय

आमच्याकडे गेल्या वर्षी पांदणीचं गवत कापलं ते ऑक्टोबरात, फुलोरा भरात असताना, आणि ढीग ठेवले शाळेच्या भिंतीशी. त्यापेक्षा न कापलेलं बरं होतं. गाजरगवत फुलायच्या आधी, जमीन ओली असताना, मुळासकट उपटायचं, हातमोजे घालून. फुलाआधीचं असेल तर खड्ड्यात कुजवून खत होतं. पडीक जागेत मिठाचं १५ ते २० टक्के द्रावण फवारूनही ते मरतं. पण वावरात ते करू नका, जमीन खराब होईल. १९८४ मध्ये बंगळुरूजवळ मेक्सिकोतून आणलेला एक भुंगा सोडला होता, जो मुख्यतः हेच गवत खातो. पावसाळ्यात पांढुरक्या पाठीवर काळ्या नागमोडी रेघा असलेला भुंगा त्यावर दिसला तर मारू नका.

आणि तरोटा, म्हणजे टाकळा. ज्याची कोवळी भाजी आपण पहिल्या पावसात खातो तोच. पडीक जागेत तो दाट उगवला की गाजरगवताला वाढू देत नाही, म्हणून तण संशोधक त्याचं बी टाकायला सांगतात. फूल त्याचं पिवळं, माश्यांसाठीचं. वाऱ्यावर पराग उधळणारं नाही.

काकूने कार्तिकात तरोट्याच्या शेंगा फोडून डबाभर बी काढून ठेवलं आहे. नाकाचा फवारा त्याच फळीवर आहे. बी कुठे टाकणार म्हणून विचारलं, तर म्हणाली, "शाळेच्या भिताडीपाशी. गवत मेलं तं मेलं, नाही तं भाजी तं होईन."